एक इंच एक सूत

होडीत पाणी येतंच. ती लाकडी असो की फायबरची, यंदा उतरवलेली असो की आजोबांच्या हातची. इंजिनाचा शाफ्ट जिथून पंख्याकडे बाहेर पडतो, तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी आत यायलाच हवं. ते पूर्ण बंद होईल इतकी ग्लँड आवळली, तर शाफ्ट तापतो आणि पॅकिंग जळतं. त्यात वरून पाऊस, बाजूनं लाट, जाळ्याबरोबर चढलेलं पाणी, मासळीवरचा वितळलेला बर्फ. सगळं तळाशी, फळ्यांखाली जमतं आणि डिझेलचा तवंग, खवले, जाळ्याचे तुटके धागे आणि खाडीचा चिखल घेऊन काळंभोर होऊन हेलकावत राहतं. पनवेलच्या खाडीत होडी घालणारे माझ्या ओळखीचे एक नाखवा आहेत. जिताडा, बोईट, चिंबोरी यांच्या मागावर त्यांची हयात गेली. ते या पाण्याविषयी तक्रार करत नाहीत. "पानी येनारच," म्हणतात, "आपून उपसाचा."

उपसायचं ते पूर्वीपासून डब्यानं. गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापला की त्याची धार होडीच्या तळाला बरोबर बसते आणि एका हातानं भराभर पाणी बाहेर फेकता येतं. माणूस होडीत असेल तोवर यासारखं भरवशाचं साधन नाही. प्रश्न असतो तो माणूस घरी असतानाचा. पनवेलची खाडी ओहोटीला पार उतरते. होड्या चिखलावर पोट टेकून बसतात, आणि भरती आली की एकेक करून उठतात. पावसाचं पाणी साचून जड झालेली होडी मात्र वेळेवर उठत नाही. ती चिखलात रुतून राहते आणि चढती भरती सरळ तिच्या काठावरून आत शिरते. भांगाच्या दिवसांत हे एकवेळ निभावतं, उधाणाच्या रात्री नाही. सकाळी पाहावं, तर इंजिन, बॅटरी, जाळी सगळं खाऱ्या पाण्याखाली. एका रात्रीत एका घराचं वर्ष बुडतं.

म्हणून पंप. बारा व्होल्टचा, मूठभर, तळाशी बसणारा. शेजारी एक तरंगता खटका. पाणी चढलं की खटका उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी उतरलं की आपोआप बंद. नाखव्यांच्या मुलानं असा एक परदेशी बनावटीचा पंप त्यांना आणून दिला. ताशी ११०० गॅलनचा. अमेरिकन गॅलन धरला तर तासाला सुमारे ४१६० लिटर, मिनिटाला ६९. आकडा मोठा वाटतो. पण पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक पडलं, तर त्यातून मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं. म्हणजे एक जोड निसटला की पंपाची सगळी ताकद तिथंच संपली. तीही कागदावरची ताकद, पाणी वर चढवावं न लागता मोजलेली. पाइप मीटर-दीड मीटर उंच चढवला, त्याला दोन वळणं दिली, की तो आकडा बराच खाली येतो. होडीच्या पोटातल्या या जोडांना मी फार मोठी वस्तू मानतो ती यासाठी.

पंपाच्या तोंडाचा व्यास निघाला एक इंच एक सूत. इंचाचे आठ सूत, त्यातला एक वर. मिलिमीटरमध्ये २८.६. आणि हे माप पनवेलच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात नसतं.

ते शोधायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. शहरातल्या जुन्या दुकानांमध्ये मला मनापासून आनंद वाटतो, आणि त्यांपैकी एका दुकानाच्या काउंटरवर मी बराच वेळ उभा होतो. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडाशी तारेनं बांधलेला एकेक नमुना: निपल, सॉकेट, एल्बो, टी, युनियन, बुश, टँक निपल. छताला लटकलेली पारदर्शक होजची वेटोळी. खाली गोणपाटावर जीआयचे तुकडे, टेफ्लॉनच्या पांढऱ्या चकत्या, आणि जुन्या प्लंबरांसाठी अजूनही ठेवलेली सुतळी व सफेदा. दुकानदार शेठ मापं घेत नाहीत. पाइपच्या तोंडात अंगठा घालतात आणि आकडा सांगतात. दोन जोड एकमेकांच्या तोंडाला लावून हलकेच एक फेरा देतात, आणि बसणार की नाही हे त्यांच्या बोटांना आधी कळतं. पन्नास वर्षं एकाच काउंटरमागं उभं राहिल्यावर बोटांत येणारी ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि ती मागं राहील की नाही याची मला काळजी वाटते.

त्या काउंटरवर मापाच्या तीन रीती सुखानं नांदतात. होजचं माप आतल्या पोकळीचं. शेतीच्या पीव्हीसी पाइपचं माप बाहेरून, २०, २५, ३२, ४० मिलिमीटर असं चढत जाणारं. आणि आट्यांच्या जोडाचं माप ना आतलं, ना बाहेरचं. एक इंची म्हणून जो जोड हातात देतात, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या वर भरतो, आणि इंच तर २५.४ चा. जुन्या काळच्या लोखंडी पाइपची आतली पोकळी साधारण इंचाची असे, भिंत जाड असे आणि आटे बाहेरून पाडत. भिंती पातळ झाल्या, लोखंड जाऊन प्लॅस्टिक आलं, आटे मात्र होते तिथंच राहिले. ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजनमापं येत गेली. शेर गेला, छटाक गेला, गज गेला. नळाचा अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा इंच कुणाला हलवता आला नाही.

या आट्यांमागं एक माणूस आहे. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ. त्याच्या काळी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या मनानं आटे पाडायचा. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. व्हिटवर्थनं निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढं एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश. त्याच घडणीतले नळाचे आटे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले आणि घराघरातल्या मोरीत जाऊन बसले. अमेरिकेनं मात्र ६० अंशांचा कोन धरला. एक इंची जोडाला आपल्याकडे इंचामागं ११ आटे, त्यांच्याकडे साडेअकरा; तो दोन फेऱ्यांत अडकतो आणि सांगून टाकतो की मी तुमचा नाही. पाऊण इंचीची गोष्ट जास्त धोक्याची. तिथं दोघांचेही आटे १४. जोड विनातक्रार आत जातो, घट्ट वाटतो, आणि कोनांतल्या पाच अंशांच्या फटीतून पाणी वाट काढतं. न बसणारा जोड परवडला.

शेठनी पंपाचं तोंड अंगठ्यानं चाचपलं आणि मान हलवली. "हा एक सूत वरचा माल आपल्याकडं येत नाही. रिड्यूसर देऊ शकतो, पाऊण इंचावर उतरवा." घरच्या टाकीला हे चाललं असतं. पण २८.६ वरून पाऊण इंचावर आलं की पाण्याची वाट निम्म्याहून कमी उरते. पंप तेवढाच धापा टाकणार आणि पाणी मात्र बरंच कमी बाहेर जाणार. शिवाय अरुंद जागी जाळ्याचा एक धागा आणि दोन खवले अडकले, की तेही बंद. हे मी सांगितल्यावर शेठ थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "होडीचं आहे ना? मग नकोच. घरात गळलं तर लादी भिजते." गिऱ्हाईक दारात उभं असताना माल खणात परत ठेवणाऱ्या माणसाविषयी वाटतो तो आदर मला कायम वाटत राहील. "दारूखान्यात बघा," त्यांनी सुचवलं, "तिथं बोटींचं सगळं मिळतं."

पनवेलला होडीची वस्तू मिळू नये, याचं वाईट वाटतं, कारण हे गावच मुळी बंदरावर उभं राहिलं. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता झाला आणि मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस भरतीबरोबर पडावातून पनवेलला उतरू लागला. इथून पुढं घाट. देशावरचं धान्य घाट उतरून इथं यायचं, मीठ आणि मासळी इथून वर जायची. १८५२ मध्ये इथं नगरपालिका झाली, ती याच वर्दळीच्या जोरावर. आणि इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलच्या मुख्य धंद्याची जी नोंद आहे, ती वाचून मी हरखून गेलो होतो: बैलगाडीची चाकं. देशावरून आलेला गाडीवान परत जाताना पनवेलच्या चाकांची एक जोडी बरोबर नेण्याचा प्रयत्न करायचा. म्हणजे एका अंगाला शिडाची होडी, दुसऱ्या अंगाला बैलगाडी, आणि मधल्या या गावात तासणी, रंधा, भाता आणि ऐरण. पाणी आणि जमीन यांच्यामधला सांधा म्हणजे पनवेल.

१८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि ती वर्दळ आटली. मग महामार्ग आले, कळंबोलीचा लोखंड बाजार आला, तळोज्याचे कारखाने आले आणि त्यांचं पाणी कासाडी नदीतून खाडीत आलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, गणेशपुरीसारखी दहा गावं उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. शहराची जमिनीकडची आणि आभाळाकडची दारं मोठी होत गेली. पाण्याकडचं दार कोळीवाड्यातल्या होड्यांनी तेवढं उघडं ठेवलं आहे. त्यातली एक होडी एका सुतासाठी बंद पडू नये, असं मला फार वाटत होतं.

हार्बर लाइनची गाडी पनवेलहून थेट रे रोडला जाते. स्टेशनाबाहेर पडून गोदीच्या बाजूला वळलं, की दारूखाना. मोडीत काढलेल्या बोटींचा माल इथं वर्षानुवर्षं येत आला आहे. माणसाच्या मांडीएवढ्या कड्यांच्या साखळ्या, नांगर, गोल खिडक्या, रंग उडालेले लाइफबॉय, दोरखंडांचे डोंगर. व्हॉल्वच्या ढिगात हात घातला की जगातलं कुठलंही बंदर हाताला लागावं. एका गाळ्यातल्या चाचांना मी पंप दाखवला. तोंडाचं माप बघून तेही म्हणाले की हा जोड तयार मिळणार नाही. पण होडीच्या कुशीतून पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यांनी सव्वा इंची एक जुना जोड ढिगातून काढला. कानशीनं त्याच्या अंगावर एक रेघ ओढली. पितळ असतं तर आत पिवळं दिसलं असतं. इथं तांबूस छटा आली. गनमेटल. तांबं आणि कथील जास्त, जस्त अगदी थोडं. खाऱ्या पाण्यात साध्या पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं, वस्तू बाहेरून शाबूत दिसते आणि एके दिवशी स्पॅनर लावल्यावर बिस्किटासारखी मोडते. गनमेटल टिकतं.

राहिला प्रश्न आट्यांचा. हा जोड ज्या बोटीतून निघाला, ती कुठल्या देशात बांधली गेली होती, कुणाला ठाऊक. चाचांनी खिशातून आटे मोजायची गेज काढली. पात्यापात्यांची, प्रत्येक पात्यावर दातांची रांग आणि एक आकडा. साडेअकराचं पातं लावलं. पहिले दात बसले, पुढचे वर चढले, मधून उजेड दिसू लागला. मग ११ चं. ते लावताक्षणी दात आट्यांत असे उतरले की पातं आणि धातू यांच्यामधून उजेडाची रेघही दिसेना. व्हिटवर्थचे ५५ अंश, कुठल्या तरी समुद्रांवरून फिरून, रे रोडच्या एका गाळ्यात. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मोठ्या माणसाला न शोभणारा होता, आणि चाचांनाही तो समजला असावा, कारण त्यांनी गेज माझ्या हातात दिली आणि मला एकदा स्वतः लावून बघू दिलं. जोड आणि त्याबरोबर गनमेटलची एक लहान कांडी त्यांनी तराजूत टाकली. इथं कारागिरीचा भाव नसतो, वजनाचा असतो.

ती कांडी कशासाठी, तर जोड कातून घेण्यासाठी. कळंबोलीच्या बाजूला ट्रकच्या भागांची कामं करणारे लेथवाले आहेत. त्यांतल्या एकाला मी जमिनीवर खडूनं चित्र काढून दाखवलं. एका टोकाला २८.६, दुसऱ्या टोकाला ३२, मधून आरपार भोक, तेही आतून तासून गुळगुळीत. उतरायचं नाही, चढायचं. लहान वाटेतून मोठ्या वाटेत जायला पाणी कुरकुरत नाही. तोटा एवढाच की पंप थांबल्यावर पाइपातलं थोडं जास्त पाणी मागं येतं. टोकांवर खाचा अशा, की होज चढताना उतार मिळावा आणि मागं सरकताना धार आडवी यावी. लेथवाल्यानं विचारलं, साध्या लोखंडाचा करून वर रंग मारला तर? मी त्याला 'अलार्म' या जहाजाची गोष्ट सांगितली. १७६१ मध्ये इंग्रज आरमारानं त्याच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, खिळे लोखंडाचे. जहाज वेस्ट इंडिजला जाऊन परत आलं तेव्हा तांबं टिकलं होतं, खिळे खाऊन गेलेले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवले की एकाचा घास दुसरा घेतो. त्याला ते लगेच पटलं. बॅटरीच्या टर्मिनलजवळ तो हे रोज बघतो. चिप्या तांबूस वळ्या होऊन खाली पडत गेल्या आणि कांडीतून जोड वर आला.

पंपाच्या तोंडावर चढेल अशी होज मिळाली ती ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. रेडिएटरचे रबरी पाइप असतात, त्यांत २८ मिलिमीटरचा असतो. ताणून सहा दशांश मिलिमीटर मोठा व्हायला रबराची ना नसते. त्याचा वीतभर तुकडा पंपाकडच्या बाजूला, आणि पुढं बत्तीसची आतून गुळगुळीत होज. पन्हाळीसारख्या वळ्यांची स्वस्त होज वाकते छान, पण तिच्या आतल्या प्रत्येक वळीवर पाणी अडखळतं.

बंदरावर नाखव्यांनी होडीतल्या स्टोव्हवर पाणी उकळायला ठेवलं. रबराचं टोक त्यात बुडवलं, मऊ झालं की जोडावर दाबून चढवलं आणि खाडीचं गार पाणी ओतलं. मी बघत राहिलो. पनवेलची चाकं याच रीतीनं पुरी व्हायची. लोखंडाची धाव तापवून लाल करायची, ती फुगते, मग लाकडी पाट्यांवर चढवून पाणी ओतायचं. आवळत जाते तशी आरे आणि तुंबा सगळ्यांना एकत्र बांधून टाकते. रबर आणि लोखंड यांचे स्वभाव वेगळे, पण तापवून चढवायचं आणि थंड करून बांधायचं हे या गावाच्या हातांना नवं नव्हतं. ज्या खाडीच्या बंदरावर ती चाकं उचलणारे गाडीवान मुंबईच्या मालाची वाट बघायचे, त्याच खाडीच्या काठी आम्ही बसलो होतो.

प्रत्येक जोडावर दोन क्लिपा लावल्या, स्क्रू एकमेकांच्या उलट बाजूला. क्लिपांची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असं पुष्कळदा असतं, म्हणून लोहचुंबक लावून आधी तपासल्या. होज काठाच्या खालपर्यंत उंच नेऊन उलटा वळसा दिला आणि मग बाहेरच्या जोडाला उतरवली. होडी एका अंगावर कलून बाहेरचं तोंड पाण्याखाली गेलं, तरी त्या उंचीमुळे खाडी मागच्या वाटेनं सहजासहजी आत येत नाही. तारांचे जोड वर, कोरड्या जागी. मग तळात बादल्या ओतल्या. खटका उचलला, पंप गुरगुरला आणि बाहेर धार पडली. नाखव्यांनी ती हातावर घेतली, तिचा जोर बघितला आणि काही न बोलता प्रत्येक जोडाखालून कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

शेजारच्या होडीतला एक तरुण हे सगळं बघत होता. त्याचा पंपही त्याच मापाचा, गेल्या पावसाळ्यापासून सायकलच्या ट्यूबनं आणि तारेनं बांधलेला. त्यानं जोड कुठून आणला विचारलं. मी लेथवाल्याचा पत्ता दिला, दारूखान्याचा रस्ता सांगितला, कानशीची खूण आणि ११ चं पातं दोन्ही समजावलं. नाखवा मधेच म्हणाले, "दोन करून घे. एक गावात शेठकडं ठेव. पुढल्याला लागंल." दुसऱ्या दिवशी मी शेठना विचारलं. त्यांनी एक रिकामा खण ओढला, त्यातला जुना माल बाजूला केला आणि नमुना बांधायला तार मागवली.